साडूला जामीन

पेडणे तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या कर्जाला माझा साडू जामीन आहे, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याला विचारलं नाही एवढीच त्यांची चूक. हळर्णचा हा माणूस म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. समोर आलेला कागद त्याने वाचून मग सही केली, असं मी कधी पाहिलेलं नाही. तो कागद बघतच नाही, कागद आणणाऱ्याचं तोंड बघतो. ते उतरलेलं दिसलं की याचं पेन खिशातून बाहेर. एकदा आम्ही त्याच्या अंगणात पाववाल्या पोदेराने नुकताच दिलेला गरम पाव चहात बुडवून खात होतो. तेवढ्यात मोटारसायकलवरून एकजण आला आणि चहा निवायच्या आत म्हशीच्या कर्जावर सही घेऊन गेला. "कोण हा?" मी विचारलं. "नाव काय ता ठावक नाय," साडू म्हणाला, "पण तेचो बापूस भजनाक पखवाज बरो वाजवी." मी गणिताचा मास्तर. असल्या हिशेबाने माझं डोकं तापतं.

त्याची दुसरी खोड कौलाची. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीत ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लोक लग्नासाठी, जमिनीसाठी लावतात. साडू टॅक्सीच्या टायरसाठी लावतो. मांद्रे-मोरजीच्या गेस्ट हाऊसांतली गिऱ्हाइकं ने-आण करणारी त्याची टॅक्सी. एका सीझनला जुन्या टायरवर महिना काढावा का, असं त्याने देवीला विचारलं आणि कौल उजवा झाला. पुढे मोरजीच्या रस्त्यात टायर फुटला, आत दोन परदेशी बायका. मी चिडवलं तर शांतपणे म्हणाला, "देवीन महिनोच सांगितलेलो. मी सव्वा महिनो काढलंय." अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण गेल्या वर्षी हसण्याची सोय उरली नाही. त्याच्या टॅक्सीचं वय संपलं. ठरलेल्या मुदतीत परमिटवर नवी गाडी चढवली नाही तर परमिटच जाणार होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यभर स्वतःच्या गाडीचा मालक. परमिट गेलं तर दुसऱ्याची गाडी पगारावर चालवायची. मेव्हणी माझ्या बायकोला म्हणाली, "तेंका दुसऱ्याचे गाडयेर बसलेले माका बघवाचे नाय."

गाडीला कर्ज हवं होतं आणि कर्जाच्या आड त्याचीच एक जुनी सही आली होती. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवणाऱ्या, मूळ सिंधुदुर्गातल्या एका मित्राला हा जामीन राहिला होता. खाणी बंद पडल्या, ट्रक उभा राहिला, हप्ते थकले, मित्र गावी परतला. त्याला साडूने एका शब्दाने विचारलं नाही. बँकेच्या दफ्तरी मात्र याच्या नावाला बट्टा लागला तो लागलाच.

पहिल्या बँकेने नकार दिला तेव्हा त्याने मला सांगायला हवं होतं. तो देवीकडे गेला. दुसऱ्या बँकेत अर्ज करू का? उजवा कौल. अर्ज केला, नकार. तिसऱ्या? उजवा कौल. असं करत हा गृहस्थ पेडण्यापासून म्हापशापर्यंतच्या बँका हिंडून आला आणि मुदत जवळ आल्यावर माझ्या दारात उभा राहिला. मी त्याला डिचोलीतल्या माझ्या बँकेत नेलं. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "एवढ्या ठिकाणी अर्ज केलेत? असे लागोपाठ अर्ज केले की स्कोअर आणखी खाली येतो."

साडूने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे नुसतां इचारलां तरी पाप?"

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "देवीला विचारलंत तरी काय?"

"ह्या बँकेत अर्ज करू काय, असां."

"मग कर्ज मिळेल का, हे का नाही विचारलंत?"

"तसां इचारणां बरां नाय दिसत, मास्तरांनू," तो म्हणाला. "देवीवर भार पडता."

एक फायनान्सवाला त्याच दिवशी पैसे द्यायला तयार होता, पण असं व्याज सांगत होता की टॅक्सीची सगळी कमाई त्यातच गेली असती. मी घाबरून म्हटलं, घ्या, निदान परमिट वाचेल. तो तयार होईना. "जास्त व्याज म्हणजे दंडच तो. मी कोणाक फसवलंय काय?" राहिली गावातली सोसायटी. तिचं व्याज कमी, आणि ती स्कोअरपेक्षा माणूस बघते. पण तिला दोन पगारदार जामीन लागतात. वीज खात्यातला एक चुलतभाऊ तयार झाला. दुसरा मिळेना, कारण साडू कुणाला विचारीचना. ज्यांना सह्या दिल्या त्यांच्याकडे आता सही मागायची म्हणजे आपण ती विकली असं होतं, हे त्याचं म्हणणं. मुदतीला जेमतेम दहा दिवस उरले होते आणि आमच्या घरात कुणाला जेवण जात नव्हतं.

शेवटी मेव्हणीने मला फोन केला. "तुमच्याबद्दल तेनी देवीक इचारूकच नाय. म्हणतत, उजवो इलो तर मास्तरांक जामीन रवाक सांगूक लागतलां."

मला राग आला, आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी सोसायटीत जाऊन बसलो आणि त्याला बोलावून घेतलं. सेक्रेटरीने जामीनपत्र माझ्यापुढे सरकवलं. साडूने ते माझ्या हातातून काढून घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागला. सोसायटी एक वाजता बंद होणार होती. सेक्रेटरी घड्याळ बघत होता, साडू अक्षर सोडत नव्हता. "‘कर्जदाराने हप्ता न भरल्यास जामीनदाराच्या पगारातून वसूल करण्यात येईल.’ आयकलास मां? तुमच्या पगारातून." पान उलटून, दुसऱ्या बाजूचं बारीक अक्षर खिडकीशी जाऊन जनेलाच्या उजेडात धरून, शेवटच्या ओळीपर्यंत त्याने वाचलं. मग कागद माझ्यापुढे ठेवला. "अजून नाय म्हणूक वेळ आसा, मास्तरांनू. मी मनात काय धरूचंय नाय."

मी जन्मात कुणाला जामीन राहिलो नव्हतो. खिशातलं पेन काढलं. सही होईपर्यंत तो जनेलाबाहेर बघत राहिला.

मुदतीच्या आत गाडी परमिटवर चढली. मांद्र्याच्या रस्त्यावर ती आता धावते. दर महिन्याला हप्त्याच्या दिवशी त्याचा मला फोन येतो. "मास्तरांनू, हप्तो भरलो," एवढंच बोलतो आणि ठेवतो. सुरुवातीला त्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष शिकवण्यात नसायचं. फोन वाजला की ठिकाणावर यायचं. आता ती धास्ती नाही, तरी मी फोनची वाट बघतो. पूर्वी आम्हा साडूंची गाठ गणपतीच्या चवथीला पडायची तेवढीच. आता मी त्याला थोडा वेळ धरून ठेवतो, गिऱ्हाइकं कशी आहेत, मेव्हणीचा गुडघा कसा आहे विचारतो, तो सांगतोही. कर्जाची अजून काही वर्षं आहेत. फिटेल त्या दिवशी पुरणपोळ्या करायच्या, असं बायकोने आत्ताच ठरवून टाकलंय. मी हो म्हणालो. पण माझ्या मनात येतो तो त्याच्या पुढचा महिना.