नामदेवकाकांच्या आज्याचं मेडल

जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतून धुळीबरोबर काय काय निघतं. आमच्या रविवारच्या बैठकीतून किस्से तसेच निघतात. वर्ध्यात बसस्टँडजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून मी तिथेच बसतो. रविवारी सकाळी तिथे जुनी नाणी आणि मेडलं जमवणारे आम्ही चौघे भेटतो. इतिहासाचे रिटायर्ड सर, कापूस बाजारातले बंडूभाऊ, हिंगणीचे नामदेवकाका आणि मी.

जमलं फार काही नाही. वैताग मात्र भरपूर जमला, आणि तोही बहुतेक एकाच मेडलमुळे. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने आपल्याकडच्या शिपायांनाही ते दिलं. गोल, पितळेसारख्या रंगाचं. एका बाजूला पंख पसरलेली बाई, म्हणजे त्यांची विजयाची देवता. आणि कडेवर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं.

*

सेलूकडे एका घरी ते मेडल आहे असं कळलं, म्हणून सर मला घेऊन गेले. मेडल देवघरात होतं. पंखवाल्या बाईला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. नाव वाचायचं तर कडेवर कुंकवाचा थर बसलेला.

सरांनी घरच्या वहिनींना अर्धा तास महायुद्ध समजावून सांगितलं. ही आपली देवी नाही, हे लढाईचं मेडल आहे, वगैरे. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमच्या पोरीचं लग्न कोनं जुळवलं?"

सरांनी भिंग खिशात टाकलं आणि देवघरापुढे हात जोडले.

*

नालवाडीचे एक गृहस्थ तेच मेडल रुमालात बांधून दुकानात आले. मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून आले होते. त्यांच्या हिशोबाने ह्या एका मेडलमध्ये बंगला येत होता. सरांनी सांगितलं की असली मेडलं लाखोंनी काढली होती, जगभर पडली आहेत, घरात जपून ठेवा.

गृहस्थांनी आमच्या चौघांकडे नीट पाहून घेतलं. "काहीच किंमत नाई, तर मंग तुम्ही काऊन जमवून राह्यले?"

बंडूभाऊंनी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

*

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे चिंच. आमच्याकडे दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, वखराची पास, सगळी अवजारं धुऊन पुजतात. आज्याचं मेडल लढाईचं, म्हणून तेही त्या रांगेत बसतं. आणि रांगेत बसायचं म्हणजे आधी चिंच आणि राख लावून घासून घ्यायचं. दर वर्षी.

बंडूभाऊंच्या मावशीकडे एक मेडल निघालं. बंडूभाऊंनी फोनवर बजावून सांगितलं, हात लावू नको, आम्ही येतो. आम्ही पोचलो तर मेडल आरशासारखं लखलखत होतं. पंखवाल्या बाईला नाक नाही, कडेवर नाव नाही.

"पाहुणे येऊन राह्यले म्हनून चांगलं घासून ठेवलं," मावशी म्हणाली.

बंडूभाऊ बाहेर येऊन चपला घालत पुटपुटले, "मानूस तोफेतून वाचला, अन् मावशीच्या चिंचेत गेला."

*

नामदेवकाकांचं मेडल चिंचेतून वाचलं, कारण त्याच्या कडेवर तांब्याची पट्टी होती. काकांच्या आज्याने, म्हणजे सखारामने, इराकातल्या बसऱ्याच्या लढाईहून परत आल्यावर स्वतः सोनाराकडून ती बसवून घेतली होती. का, ते कोणाला माहीत नाही. पट्टीखाली नाव सुरक्षित असणार, हे आम्हाला कळत होतं. पण काका हात लावू देत नव्हते. "आज्यानं लावली, मी काऊन काढू?"

मग हिंगणीत लढाईवर गेलेल्या गावकऱ्यांच्या नावाचा फलक लावायचं ठरलं. आज्याचं नाव त्यावर यावं ही काकांची फार इच्छा. आज्याचा फोटो नाही, कागद नाही. आहे ते हे मेडल. गावातले लोक म्हणाले, पुरावा दाखवा. शेवटी काकांनी मेडल माझ्या टेबलावर ठेवलं आणि पाठ फिरवून बसले.

मी पट्टी सोडवली. अक्षरं काल कोरल्यासारखी होती. सरांनी भिंगातून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"नामदेवराव, यावर महादू लिहिलं आहे."

काकांच्या घराण्यात महादू कोणी नाही. भावकीत नाही, गावातही नाही. काका आमच्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजे माहा आजा गेलताच नाई का लढाईवर?"

मी मेडल रुमालात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

*

काकांची आई नव्वदीच्या पुढची. तिला हे कसं सांगायचं, म्हणून काका आम्हाला तिघांनाही हिंगणीला घेऊन गेले. जाताना बसमध्ये तू सांग, तू सांग चाललं होतं. सरांवर आलं, त्यांनी माझ्यावर ढकललं. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी मेडल तिच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणालो, "आजी, यावर महादू नाव आहे."

म्हातारीने मेडल उलटसुलट केलं. कडेवरून अंगठा फिरवला.

"नाम्या," ती काकांना म्हणाली, "अक्षय तृतीयेले आपल्या घरी पितरांच्या घागरी किती भरते?"

"दोन."

"तुह्या आज्याच्या नावाची एक. दुसरी कोनाची?"

लहानपणापासून ते दोन घागरी पाहत आले होते. कधी विचारलंच नव्हतं.

"सासूबाई म्हने, दुसरी मामंजीच्या लढाईतल्या जोडीदाराची. तो तिकडंच मेला, अन् त्याले मागं कोनी नव्हतं. मामंजींनी त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाई, मंग तिले तरी कसं मालूम राहीन." म्हातारीने मेडल पदराने पुसलं आणि माझ्याकडे वळली. "काय म्हनलं रे पोरा, महादू?"

मी मान हलवली.

"नाव मालूम नव्हतं ना. म्हनून मी इतके वर्स त्याची घागर भरतानी नुसतीच म्हनत होती, पाव्हणे, पानी घ्या."