शिसपेनचे आकडे

वहिनी,

परवा तुझ्या रुग्णालयातून फोन आला. तू निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता त्यांना स्मरणिका काढायची आहे आणि त्यात ‘साथीच्या काळातल्या आमच्या धीराच्या सिस्टर’ म्हणून तुझ्यावर मजकूर हवा आहे. नणंदेने लिहिला तर जिव्हाळा येईल, असं फोनवरच्या बाई म्हणाल्या. मी बरं म्हटलं. हे ते छापतील असं वाटत नाही, तरी लिहिते.

सव्वीस वर्षं तू स्त्रीविभागाच्या खिडकीमागे बसलीस. कोटाच्या खिशात पुठ्ठ्याची गोल चकती. पाळीची तारीख जुळवली की किती आठवडे झाले ते सांगणारी. घरात कुणी लग्नाची तारीख काढली, परीक्षेची काढली, तरी तुझा हात खिशाकडे. माझा भाऊ म्हणायचा, हिच्यापुढे तारखा बोलू नका, ही त्यातून बाळंतपण काढेल.

मग साथ आली आणि सरकारी हुकूम निघाला: थांबण्याजोग्या शस्त्रक्रिया बंद. यादीत मोतीबिंदू होता, दाढा होत्या आणि त्यांच्याच ओळीत गर्भपात. तो कागद तू माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवलास.

“मोतीबिंदू थांबतो, वन्सं. हे कसं थांबेल?”

कायद्याने तुमच्या रुग्णालयाला मुदत बारा आठवड्यांपर्यंतचीच, आणि हुकमात ती एका दिवसानेही वाढवलेली नव्हती.

परत पाठवलेल्या बायकांची तू वही ठेवलीस. कुणी सांगितलं नव्हतं. नाव, पत्ता शाईने, आठवडे शिसपेनने. एकेचाळीस जणी झाल्या. त्यातली नववी कपड्यांच्या कारखान्यातली शिवणवाली. पदरात दोन मुलं, कारखान्याला टाळं, नवऱ्याने अंथरूण धरलेलं. तिला तू खिडकीतून म्हणालीस, “घाबरू नकोस, तुझं मी बघते.” एरवी तू असा शब्द कुणाला देत नव्हतीस.

एका वकीलबाईंनी हुकमाला कोर्टात आव्हान दिलं. त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारं माणूस हवं होतं. तुमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तुला आपण होऊन खोलीत बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की प्रतिज्ञापत्र तुम्हीच द्या, रुग्णालय तुमच्या पाठीशी आहे. खुर्ची दिली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण तू विचारायला माझ्याकडे आलीस, आणि मी कोण? वकिलाच्या कचेरीत तीस वर्षं प्रतिज्ञापत्रं लिहिलेली, कायद्याची पदवी भिंतीवर लावलेली शहाणी. तू कचरत होतीस.

“सगळं खरं आहे ना?” मी म्हटलं. “मग सही कर. कोर्टाला खरं कळतं.”

मसुदा मीच केला. सहीच्या दिवशी शिवणवालीचे दहा आठवडे एक दिवस भरले होते; तसंच लिहिलं. मग तारीख दोनदा पुढे गेली, एकदा न्यायाधीश आजारी म्हणून, एकदा कोर्टाचं व्हिडिओचं यंत्र बंद पडलं म्हणून. दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत तू रोज सकाळी काय करत होतीस, ते मी विचारलं नाही. तू सवयीप्रमाणे चकती फिरवायचीस, एकेचाळीस जणींचे जुने आकडे खोडायचीस आणि त्या दिवसाचे घालायचीस. तुझ्या कामात कालचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा. माझ्या कामात सहीनंतर स्वल्पविराम हलवला तरी गुन्हा. सुनावणीच्या सकाळी वही कोर्टात जमा करण्याआधी मी ती उघडून बघायला हवी होती. तुझ्या अक्षरावर विश्वास होता, म्हणून बघितली नाही.

सुनावणी माझ्या बाहेरच्या खोलीत बसून आपण पडद्यावर पाहिली. सरकारी वकिलाने वहीचं पान वर धरलं. प्रतिज्ञापत्रात दहा आठवडे एक दिवस, वहीत अकरा आठवडे चार दिवस, आणि खाली रबराचे डाग. खाडाखोड आहे, तो म्हणाला. तू सांगायला लागलीस ते खरंच होतं, पण चकती म्हणजे काय इथपासून सुरुवात केलीस आणि तुला थांबवलं. न्यायाधीशांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“ती वही आमची नाही,” बाई म्हणाल्या. “सिस्टरांनी आपल्या मनाने ठेवली होती. रुग्णालयाचा संबंध नाही.”

आणि त्यांचा चौकोन काळा झाला. वरून दम आला असेल. येईना का. दम मलाही जन्मभर वरूनच येत होता. तू त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिलीस, बाई परत दिसतील म्हणून.

वही तपासायला ठेवून घेतली आणि पुढची तारीख दोन आठवड्यांनी दिली. शिवणवालीचे तीन दिवस उरले होते.

सुनावणीनंतर बाराव्या दिवशी सरकारने हुकूम आपणच मागे घेतला. मग कोर्ट म्हणालं, हुकूमच उरला नाही, तर ठरवायचं काय? याचिका निकाली. हुकूम बरोबर होता की चूक, यावर एक अक्षर नाही.

हुकूम उठला त्याच सकाळी खिडकी उघडली आणि शिवणवाली आली. तू चकती फिरवलीस: तेरा आठवडे दोन दिवस. पुन्हा फिरवलीस, तेवढेच.

“तुम्ही म्हणालात, म्हणून मी दुसरीकडे गेले नाही,” ती म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली.

हे तू मला त्याच संध्याकाळी माझ्या दारात उभी राहून सांगितलंस. आत ये म्हटलं तर आली नाहीस. चकती माझ्या हातात दिलीस. “ठेवा तुमच्याकडे. कोर्टाला खरं कळतं म्हणालात ना, वन्सं.”

रुग्णालयाने तुला कपड्यांच्या कोठारात बसवलं. निवृत्तीपर्यंत तू चादरी मोजल्यास.

एकच गोष्ट तू नंतर मागितलीस. एकेचाळीस बायकांची नावं-पत्ते कोर्टाच्या कपाटात पडलेत, ती वही सोडवून आणा. मी अधिकारपत्र लिहिलं, तू सही केलीस. सोमवारी जाते म्हटलं. तिथला कारकून मला चांगला ओळखतो. त्याने पान उघडलं असतं, रबराचे डाग बघितले असते आणि विचारलं असतं, बाई, मसुदा कुणाचा? त्या सोमवारी माझं डोकं दुखलं. पुढच्या सोमवारी नळदुरुस्तीवाला यायचा होता. अधिकारपत्र अजून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, चकतीसकट.