लाल मडगार्ड

रहिमतपूरला कोरेगाव रस्त्यावर ज्योतिबाचं पत्र्याचं शेड आहे. वय पंचावन्नच्या आसपास. मोटारींचे चेपलेले पत्रे सरळ करायचे आणि रंग द्यायचा, हेच काम तो तीस वर्षं करत आला आहे. हातोडीच्या आवाजानं डावा कान जवळजवळ गेला आहे.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या शिक्षिका क्षमाताई त्याच्याकडे आल्या. खांबाला घासून गाडीचं मागचं दार आत गेलं होतं. साताऱ्यात दोन ठिकाणी त्यांना दार बदलायलाच सांगितलं होतं.

ज्योतिबानं दारावरून सावकाश तळहात फिरवला. "दार बदलू नका, ताई. आतनं ठोकून काढतो. तीन दिवस ठेवा गाडी."

मग सवयीनं त्यानं खिशातलं लोहचुंबक गाडीभर लावून पाहिलं. चेपलेला पत्रा वरून पुट्टीच्या लेपानं भरला असेल, तर तिथं ते चिकटत नाही. पुढच्या मडगार्डवर ते चिकटलं नाही, खाली पडलं.

"गाडी जुनी घेतलीय व्हय?"

"हो, कराडहून. अपघात झालेली नाही म्हणाले होते."

त्यांना विचारून त्यानं तिथला थोडा रंग खरवडला. पुट्टीचा जाड थर निघाला आणि रुपेरी रंगाखाली लाल पत्रा दिसला. ज्योतिबानं त्या लाल पत्र्यावरून बोट फिरवलं.

"ताई, ह्ये काम माझंच हाय. कराडात दुसऱ्याच्या हाताखाली व्हतो, तवाचं. गाडी पुढनं ठोकलेली. भंगारातनं लाल मडगार्ड मीच आणलं. गाडी इकणारा म्हणाला, वरनं दिसलं न्हाई म्हंजे झालं. मी बी गप बसलो."

क्षमाताईंचा चेहरा उतरला. "या गाडीतून मी रोज मुलीला नेते," एवढंच त्या म्हणाल्या.

"म्हणून तर सांगितलं."

त्या रागातच एसटीनं परत गेल्या. गाडी मात्र त्यांनी तिथंच ठेवली. तीन दिवसांचे आठ दिवस झाले. मडगार्डमागची, धक्का झेलणारी पट्टी त्या जुन्या अपघातापासून वाकडीच होती; ती ज्योतिबानं कापून नवी बसवली, मडगार्डही नवं आणलं. झाकायच्या आधी क्षमाताईंना बोलावून सगळं उघडं दाखवलं. पैसे फक्त दाराचे घेतले.

आता क्षमाताई शाळेतल्या लोकांना त्याचाच पत्ता देतात. लाल मडगार्डची गोष्टही सांगतात. ज्योतिबाला ते ठाऊक आहे. "सांगू द्या की," म्हणतो, "खोटं कुठं हाय त्यात?"