न बसलेला फटका

रविवार, सकाळचे अकरा. सोसायटीच्या गच्चीवर हजर: अध्यक्ष नानासाहेब, तिसऱ्या मजल्यावरचे देसाई, जिना पुसणाऱ्या शांताबाई आणि इतिवृत्त लिहिणारी मी.

काल जिना ओला राहिला म्हणून देसाईंनी शांताबाईंच्या बादलीवर लोखंडी गज हाणला. बादली उभी फुटली. "पुढचा डोक्यात," ते ओरडले. मी लिहिलं, 'देसाईंनी धमकावले.'

"ताई, 'समज दिली' लिहा," नानासाहेब म्हणाले. "अंगाला हात तरी लावला का त्यांनी?"

"नाही लावला," शांताबाई म्हणाल्या. "पण बादली माझ्या हातात होती. खरं लिहा, नाहीतर उद्यापासून मी येत नाही."

मार बसला तर वळ उठतो आणि चार दिवसांनी मावळतो. धमकावणाऱ्याचा फटका मात्र हवेतच थांबतो, आणि माणूस रोज त्याच्याखालून ये-जा करतो.

तेवढ्यात वाऱ्याने गच्चीचं दार आपटलं. शांताबाईंनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. देसाई दुसरीकडे बघू लागले.

मी शब्द तसाच ठेवून वही नानासाहेबांपुढे सरकवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. सही अजून व्हायची आहे.