शत्रू, सहा

“बूट काढ.”

बोईसरचं मैदान. कडेला माणसांची दाटी. पुढे खुर्च्या, खुर्च्यांवर गावचे मोठे लोक. मी पायांतल्या बुटांकडे बघितलं. सकाळीच खोबरेल लावून पुसले होते. पॉलिशची डबी कंपनीतल्या बाकीच्यांपर्यंत आली आणि आमच्यापर्यंत येता येता संपली, म्हणून तेल.

“बूट काढ. वर्दीपण काढ. शत्रूला कधी वर्दी असते का?”

असते. जगातल्या प्रत्येक शत्रूला असते, नाहीतर गोळी कोणावर झाडायची ते कळणार कसं? पण हे मी कॅप्टनसाहेबांना सांगितलं नाही. मी वीस वर्षांचा होतो आणि ते पालघरच्या गवताच्या वखारवाल्यांचे चिरंजीव होते. माझा बाप त्याच वखारीला गवत कापून घालायचा. मी वर्दी काढली. घडी घातली. लंगोटीवर उभा राहिलो. शेजारी चैत्या उभा राहिला. माझ्याच पाड्यावरचा, माझ्याबरोबर भरती झालेला. आजूबाजूच्या पाड्यांवरचे आणखी चौघे उभे राहिले. सगळे वारली. खुर्च्यांमधून कोणीतरी हसलं.

गर्दीत माझी आई होती. तिला मीच बोलावलं होतं. ये, मला वर्दीत बघ, म्हणून.

चीनच्या लढाईनंतर आमच्या भागात ही पायदळ कंपनी उभी राहिली होती. पगारी पलटण नव्हे. गावोगावचे गडी रविवारी जमवून कवायत शिकवलेली. पासष्टच्या भाद्रपदात पाकिस्तानशी लढाई लागली आणि कंपनीला एकदम भाव आला. रेल्वेचे पूल राखायचे, खाडीवर नजर ठेवायची, तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं त्या रस्त्यावर उभं राहायचं. कॅप्टनसाहेबांनी पंधरा दिवसांत मिशा वाढवल्या. गळ्यात दुर्बीण आली. ती डोळ्यांना लावलेली मी कधी पाहिली नाही, पण तिचा पट्टा मात्र रोज वेगळ्या खांद्यावर असायचा. हाताखाली दोन लेफ्टनंट. एक शाळेतला ड्रिल मास्तर, दुसरा भातगिरणीवाल्याचा जावई. खरी लढाई पाहिलेला एकच माणूस होता, साताऱ्याकडचा म्हातारा हवालदार. फौजेतून निवृत्त होऊन तारापूरच्या बांधकामावर पहारेकरी लागलेला. बाकी शिपाई म्हणजे शेतकऱ्यांची मुलं, किनाऱ्यावरचे मासे मारणारे मांगेले, दोन-चार कारकून. आणि शेवटी आम्ही सहा.

आम्हाला का घेतलं? जंगल ओळखतात म्हणून. असं भरतीच्या वेळी सांगितलं होतं.

पहिल्या सरावाच्या रविवारी कॅप्टनसाहेबांनी विचारलं, “शत्रू कोण होणार?” कोणी हलेना. मग त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. ती आमच्याजवळ येऊन थांबली. पुढे दोन वर्षं ती तिथून हलली नाही.

हजेरी अशी व्हायची. हवालदार एकेकाचं नाव, बापाचं नाव, गाव पुकारायचा आणि तो माणूस टाच आपटून “हाजीर” म्हणायचा. सगळं संपलं की शेवटी हवालदार म्हणायचा, “शत्रू, सहा.” आणि तोच आमच्या वतीने म्हणायचा, “हाजीर.” टाच आपटायचं आमच्यावर कधी आलंच नाही. बूट तोवर काढलेले असायचे.

शत्रूचं काम सोपं. दंडाला लाल चिंधी बांधायची, हातात बांबू घ्यायचा, रानात लपायचं. कंपनीने हल्ला करायचा. आपण मरायचं किंवा हात वर करायचे. अडचण एकच होती. आम्ही लपलो की सापडत नसू. करवंदीच्या जाळीत बसलो की कंपनी शेजारून जायची, परत यायची, दमायची, विड्या ओढायची. एकदा भातगिरणीचे जावई माझ्या हातावर बूट ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “इथे कोणी नाही.” चैत्या तोंडात पाला कोंबून हसू दाबत होता. शेवटी हवालदार दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचा, “खोका रं पोरांनो, सायबांच्या जेवणाची येळ झाली.” मग आम्ही खोकायचो. मग कंपनी “चार्ज” म्हणून तुटून पडायची. पुढे तसा हुकूमच झाला. शिट्टीनंतर दहा मिनिटांनी शत्रूने खोकायचं.

मरायला मात्र मी पटकन शिकलो. छातीवर हात, एक गिरकी, गुडघे, मग तोंडावर. खुर्च्यांवरची माणसं टाळ्या वाजवायची. मी चवीने मरायचो. खोटं कशाला सांगू, पहिले काही महिने मला मजाही वाटली. मग दमलो. धावून आलेला दम रात्री झोपल्यावर जातो. हा जात नव्हता. पावसात हरायचं, उन्हात हरायचं. उठून अंगाची माती झाडायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा हरायला यायचं.

तरी का जात होतो? वर्दीसाठी. सराव नसलेल्या दिवशी पहाऱ्याला ती अंगावर मिळायची. एकदा पहाऱ्याला निघालो असताना वखारीचा मुकादम पाड्यावर आला. तो यायचा, कोंबडी उचलायचा, जायचा. विचारायची पद्धत नव्हती. त्या दिवशी मी दारात वर्दीत उभा होतो. तो थांबला. माझ्या बुटांकडे बघितलं. “काय, बरं हाय ना?” म्हणाला आणि मोकळ्या हाताने गेला. आईने तो दिवस सगळ्या पाड्याला सांगितला. म्हणून मी तिला बोईसरला बोलावलं होतं. मोठ्या लोकांपुढे तरी वर्दी राहील, असं वाटलं होतं.

आणि मी लंगोटीवर.

प्रात्यक्षिक झालं. आम्ही खोकलो, सापडलो, हरलो. त्या दिवशी मरायचं नव्हतं, कैद व्हायचं होतं. बैलाच्या दाव्याने सहा जणांना एका ओळीत बांधलं आणि खुर्च्यांपुढून फिरवलं. बघ्यांना खेळ ठाऊक होता, पण लढाईचे दिवस होते. अंगात आलेलं कुठेतरी काढायचं होतं. पोरं खडे मारू लागली. एक धोतरवाले म्हातारे खुर्चीतून उठले, काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि थुंकले. नीट नेम धरून. मग धोतर सावरत जागेवर जाऊन बसले. कॅप्टनसाहेबांच्या गळ्यात हार पडला.

आई गर्दीतून वाट काढत दाव्याशी आली.

“काय केलास रं तू?”

“काय नाय, आये. खेळ हाय.”

“खेळ हाय तर तुला कशाला बांदला?” तिने हारवाल्या साहेबांकडे बोट केलं. “त्याला कवा बांदनार?”

मग ती डोक्यावर पदर ओढून चालू लागली. माझ्यासाठी थांबली नाही.

आमचे कपडे कंपनीच्या खोलीत कुलपात होते. किल्ली ड्रिल मास्तरांकडे, आणि मास्तर पाहुण्यांबरोबर चहाला. खूप वेळ थांबलो. चौघे दुसऱ्या वाटेने गेले. उन्हं उतरायला लागली तसे मी आणि चैत्या निघालो, आहे त्या वेषात. दंडावरच्या चिंधीची गाठ घामाने आवळली होती, सुटेना. राहू दे म्हटलं.

आमच्या वाटेत एक गाव लागतं. त्या गावची बैलगाडी प्रात्यक्षिक बघून आमच्या आधी पोहोचली होती आणि गाडीतल्यांनी सांगून टाकलं होतं, बोईसरला सहा शत्रू पकडले, डोळ्यांनी पाहिले, लंगोटीवर होते, दंडाला लाल पट्टी. खेळाचं सांगायचं राहून गेलं असेल. त्या दिवसांत जो तो आभाळाकडे बघायचा. छत्रीतून माणसं उतरतात, अशी बोलवा होती. आणि वेशीवर आम्ही दोघे. लंगोटी. लाल पट्टी.

“सुटले. त्यातले दोन सुटले,” कोणीतरी ओरडलं.

मग काठ्या. खऱ्या. दोन वर्षं मी गिरकी घेऊन पडत होतो. खरी काठी बसली की गिरकी येत नाही. माणूस आहे तिथेच बसतो.

“बोल, कुठं उतरला?”

“उतरला नाय,” मी म्हणालो. “घरी चाललोय. डोंगरीला.”

“मराठी बोलतोय बघा.”

“शिकवून पाठवलाय.”

चैत्या रडत रडत आजूबाजूचे पाडे सांगू लागला. ओढे सांगितले, तंबाखूचं दुकान सांगितलं, दुकानदाराचं नाव सांगितलं.

“सगळं पाठ हाय याला,” एक जण म्हणाला आणि त्याने चैत्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला.

मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. पाड्याचं सांगितलं. कंपनी सांगितली, कॅप्टनसाहेबांचं नाव सांगितलं. मग ते जरा थांबले. आम्हाला शाळेच्या ओट्यावर खांबाला बांधलं आणि एक सायकलवाला बोईसरला पिटाळला. मी चैत्याला म्हणालो, “साहेब येतील. सुटलो.” मला खरंच तसं वाटलं होतं.

दिवेलागणीला जीप आली. दिवे लावायची बंदी होती, म्हणून हवालदाराच्या हातात कागद गुंडाळलेली बॅटरी. कॅप्टनसाहेब ओटा चढून आले. गळ्यात अजून झेंडूची एक पाकळी चिकटलेली. हवालदाराने उजेड माझ्या तोंडावर धरला. साहेबांनी बघितलं. नीट बघितलं. दर रविवारी हेच तोंड त्यांनी पकडलं होतं. दुपारीच दाव्याला बांधून फिरवलं होतं.

“कोण रे हे?” त्यांनी हवालदाराला विचारलं.

त्यात सोंग नव्हतं. मी दोन वर्षं सोंगं केली होती, मला सोंग कळतं. ते मला खरोखर ओळखत नव्हते.

“सायब, आपलीच हायती,” हवालदार म्हणाला.

“आपली? कंपनीतली?”

हवालदाराने घसा साफ केला. “शत्रूतली, सायब.”

“अच्छा, ते होय.”

साहेब हसले. गाव हसलं. साहेबांनी काठीवाल्याची पाठ थोपटली. असं जागरूक गाव प्रत्येक तालुक्यात हवं, म्हणाले. मग आमच्याकडे वळले.

“तुमच्यामुळे या लोकांना केवढा त्रास झाला. पट्टी काढायची अक्कल नाही? माफी मागा त्यांची.”

चैत्याला सोडलेलं होतं. त्याने हात जोडले. फाटक्या ओठाने काहीतरी पुटपुटला. माझे हात मागे बांधलेलेच होते, त्यामुळे मी ते जोडले नाहीत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दोरी सोडली तोवर साहेब जीपमध्ये बसले होते.

तो आठवडा मी अंगाला हळद लावून पडून होतो. हाडं ठणकत होती, पण सलत होतं ते वेगळंच. मी माफी मागायला नकार दिला होता, की नुसती दोरी आडवी आली होती? मला स्वतःला सांगता येईना.

रविवारी गेलो. वर्दी मागून घेतली. घातली. बूट घातले. त्या दिवशी वरून कोणी मोठे अधिकारी यायचे होते. खुर्च्या मांडल्या होत्या. हजेरी सुरू झाली. नाव, बापाचं नाव, गाव. हाजीर. नाव, बापाचं नाव, गाव. हाजीर. पाच जण रांगेतून बाहेर पडून बूट काढायला बसले. मी जागेवर उभा.

“शत्रू, सहा.”

हवालदाराने पुढचा शब्द उच्चारायच्या आत मी म्हणालो, “पाच.”

“कोण बोललं?” कॅप्टनसाहेब.

“मी, साहेब.” मी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. टाच आपटली. “हाजीर.”

“शत्रू कोण व्हायचं ते मी ठरवतो.”

“दोन वर्षं ठरवलंत. आता पाळी लावा. एक रविवार आमची, एक रविवार तुमची.”

“माझी?”

“तुमी लंगोटीवर यायचं. मी पकडतो. पकडल्यावर तोंड नीट बघून ठेवीन. पुन्हा कुठं बांधलेले दिसलात तर ओळखीन.”

मांगेल्यांच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. त्या हसण्याचीच थप्पड मला बसली असावी, इतक्या लगेच ती साहेबांच्या हातून आली. टोपी उडाली. मी ती उचलली नाही.

“उतरव वर्दी. चालता हो.”

मी ती सावकाश उतरवली. घडी घातली, वर बूट ठेवले आणि सगळं हवालदाराच्या हातांवर दिलं. तो हळू आवाजात म्हणाला, “चुकलास, पोरा.”

“तुमी मला ओळखत होता,” मी म्हणालो. “तरी शत्रूतली म्हणालात.”

त्याने मान खाली घातली. मग ती वर केली, कारण साहेब बघत होते, आणि पुकारलं, “शत्रू, पाच. हाजीर.” पाच जण पुढे सरकले. चैत्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याचा ओठ अजून शिवलेला होता.

पुढच्या रविवारी सहावा मिळाला. शेजारच्याच पाड्याचा. मिळणारच होता. लढाई थांबली, कंपनीचा फोटो निघाला. फोटोसाठी बाकडी त्या सहा जणांनी वाहून आणली. फोटोत ते नाहीत. त्या साली वखारीवर गवत कापायला माझा विळा कोणी घेतला नाही, माझ्या बापाचाही नाही. बाप मला म्हणाला, एका शब्दाने एवढं झालं. मी म्हणालो, हो.

अजूनही जीप येते. साहेब बदलतात. कोणाला सभेसाठी ट्रकभर माणसं हवी असतात, कोणाला पाहुण्यांपुढे तारपा नाचायला वीस जण, कोणाला खड्डे खणायला दहा. ते खाली उतरतसुद्धा नाहीत. जीपमधून बोटं दाखवतात. इतके द्या, म्हणतात. मी पुढे जाऊन उभा राहतो आणि एकच विचारतो.

नावं सांगा.

ते हसतात. मी हसत नाही. माझ्यामागे आता पाड्यातली आणखी माणसं येऊन उभी राहतात, तीही हसत नाहीत. नावं येत नसतील तर परत जा. शिकून या. माणसाचं नाव, बापाचं नाव, पाडा. तोवर इथून एक माणूस मिळणार नाही.