पायलीभर ज्वारीची लेक

तीन वर्षं मी एका लेकराची मालकीण होते. पायलीभर ज्वारी देऊन विकत घेतलं होतं मी तिला. ऐकणाऱ्याला वाटेल ही बाई आता पोलीस ठाण्यात जाणार. पण आमच्या भागात ही जुनी चाल आहे. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत, तिथे पुढचं जन्मलं की पाचवीच्या दिवशी त्याला सुपात घालून शेजारणीला विकायचं. शेजारणीने मापभर धान्य द्यायचं, लेकरू उचलायचं, आणि "माझं आहे, पण तुझ्याकडे सांभाळायला ठेवते" असं म्हणून परत आईच्याच मांडीवर द्यायचं. सटवाई न्यायला आलीच तर तिला सांगता येतं, बाई, या घरात लेकरूच नाही, हे दुसऱ्याचं आहे.

मी अंगणवाडी सेविका. जवळा बाजारच्या अलीकडचं आमचं गाव आणि त्याला लागून असलेला तांडा, दोन्हीकडची लेकरं वजनकाट्यावर टांगण्यात माझे केस पांढरे झाले. सटवाईवर माझा विश्वास नाही. उलट बायांनी लेकराच्या पोटावर बिब्ब्याचे डाग दिले की मी त्यांना असं काही फैलावर घेते की तांड्यावरची कुत्रीसुद्धा गप्प होतात. पण तांड्यावरची एक बाई तिसऱ्या बाळंतपणातली पाच दिवसांची पोर सुपात घेऊन माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून मी आत गेले आणि पायली भरून आणली. तिची आधीची दोन्ही लेकरं वर्षाच्या आतच गेली होती.

पोर वाढली. अंगणवाडीत माझ्यापाशीच येऊन बसायची, कारण तिला सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की तू बाईंची आहेस. खाऊचं वाटप सुरू झालं की मालकाच्या ऐटीत पहिल्या नंबरला. फक्त एक सवय होती. इतर पोरांबरोबर पळायला लागली की मध्येच थांबून उकिडवी बसायची, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून. मी म्हणायचे, "आळशी भवानी, ऊठ!" पुष्कळदा म्हटलंय. ते आठवलं की आजही स्वतःच्या तोंडावर एक ठेवून द्यावीशी वाटते.

लेकरं तपासणाऱ्या पथकाची गाडी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही. मग तिची नखं पाहिली, ओठ पाहिले. "ही पळताना खाली बसते का?" असं त्यांनी विचारलं. हिंगोलीला तपासणी झाली. हृदयाला छिद्र होतं, शिवाय आणखी काही गुंतागुंत. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं. ते संभाजीनगरला होणार होतं, आणि सरकारी आरोग्य विम्यातून होणार होतं, घरच्यांना काहीही द्यावं लागणार नव्हतं. हे शेवटचं बापाने दोनदा विचारून घेतलं.

विम्याच्या टेबलापाशी एक तरुण मुलगी होती. तिने कागद नीट लावले. जन्माचा दाखला होता, आधार होतं, हे सगळं मीच वेळच्या वेळी करून घेतलेलं. मग तिने रेशन कार्ड उघडलं आणि वर बघितलं.

"यात मुलीचं नाव नाही हो. कार्डावर नाव चढवून आणा, मी लगेच पुढे पाठवते."

मी बापाकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. तीन वर्षं मी विचारत होते आणि तीन वर्षं तो "पुढच्या महिन्यात करून टाकतो" म्हणत होता. पोरीच्या वाट्याचं धान्यसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं. मला वाटायचं आळस आहे. माझ्या नजरेला माणूस आळशी दिसायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले ती भांडायच्याच तयारीने. अंगणातच सुरू झाले, "लेकराच्या जिवाशी खेळ मांडलाय का? एक अर्ज द्यायचा, तेवढंही होत नाही तुमच्याच्यानं?" आईने पेटीतून ते पिवळं रेशन कार्ड आणून माझ्या हातात दिलं. आत नवऱ्याचं नाव, तिचं नाव, आणि खाली दोन नावं. दोन्हींवर तांबड्या शाईची आडवी रेघ.

ती नावं चढवायचा अर्ज मीच लिहिला होता. कमी करायचाही मीच.

"दोघांचं बी नाव लिवलं अन् दोघं बी गेले," ती म्हणाली. "हिचं न्हाई लिवलं म्हणून ऱ्हायली. तुमची हाय म्हणून ऱ्हायली."

"अगं, सटवाईला काय रेशन कार्ड वाचता येतं का?"

"मंग पयल्या दोघांचं कसं वाचलं?"

मी कार्ड मिटून तिच्या हातात परत दिलं.

ते घेत ती म्हणाली, "तुमच्या कार्डावर घ्या ना ताई. तुमचीच हाय न् ती."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला मोह झाला. दोन मुलगेच झाले मला. लेकीची हौस राहून गेली होती. पण दाखल्यावर आईचं नाव हिचं होतं, आणि ऐन ऑपरेशनच्या तोंडावर कागदांचा घोळ निघाला तर पोर तिथेच अडकली असती. मी नाही म्हटलं.

"दवाखान्यात सई कोणाची लागंल?"

"आईबापाची."

"मालकिणीची न्हाई चालायची?"

"नाही चालायची. तिथे आईच लागते."

ती पोरीकडे बघत बसली. पोर अंगणात शेळीच्या पिल्लामागे चार पावलं पळाली आणि नेहमीसारखी खाली बसली. ओठ जांभळे पडले होते. त्या वेळी आम्ही दोघींनीही ते पाहिलं.

त्यानंतर दोन दिवस तिचा काही निरोप नव्हता. मला धड जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी लेकरं प्रार्थनेला उभी होती, तेव्हा ती डोक्यावर टोपलं घेऊन अंगणवाडीच्या दारात आली. टोपल्यात ज्वारी होती.

"घ्या तुमची ज्वारी. माझं लेकरू मला वापस द्या."

मला कळत होतं, ती मनातून सटवाईला घाबरलेली आहे, आणि तरीही आली आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी आपला कमरेवर हात ठेवला.

"वा गं वा! पाच दिवसांची घेतली होती तेव्हा पायलीची होती. आता केवढी झाली बघ. जुन्याच भावात परत मागतेस?"

ती हसली, पदर तोंडाला लावून, रडत रडत. आणि तेव्हा मला ते सुचलं. मी टोपल्यातली अर्धीच ज्वारी मापून घेतली आणि अर्धी तिला परत दिली.

"अर्धी पोर आज तुझी झाली. कार्डावर नाव लिहायला तेवढी पुरते. अर्धी अजून माझीच. ऑपरेशन झालं की उरलेली ज्वारी दे आणि उरलेली पोर घेऊन जा. तोवर कोणी न्यायला आलंच, तर म्हणावं आधी त्या अंगणवाडीच्या बाईला विचारा."

"तुमाला कोणी इचारायचं न्हाई," ती म्हणाली. "भेतेत समदे."

औंढ्याच्या तहसीलमधल्या बाबूंनी अर्ज हातात घेतला. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. पण कार्ड उघडून ते दोन रेघांवर थांबले, आणि तिसरं नाव त्यांनी फार सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं. विम्याची मंजुरी आल्यावर मी रजा टाकून त्यांच्याबरोबर संभाजीनगरला गेले. आईच्या पिशवीत पोरीचे कपडे, कार्ड आणि फडक्यात बांधलेली अर्धी पायली ज्वारी.

सही करताना तिने आपलं नाव अक्षर अक्षर जोडून लिहिलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पोरीला आत नेलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून खाली बसलो, कारण खुर्चीवर आईला बसवेना. सटवाईवर माझा विश्वास नाही हे मी वर लिहिलंच आहे. तरी त्या दुपारी मी मनातल्या मनात कितीदा तरी म्हटलं, माझी आहे ती, अर्धी माझी आहे, हात लावू नको.

दुपार कलताना डॉक्टर बाहेर आले आणि ऑपरेशन नीट झालं म्हणाले. बापाने त्यांचे पाय धरले, ते मागे सरकले. आईने काय केलं? तिने पिशवीतलं फडकं काढलं, गाठ सोडली आणि तिथेच माझ्या ओटीत ज्वारी ओतली. थोडी फरशीवर सांडली. रखवालदार ओरडत आला आणि आम्हा दोघींची तोंडं बघून तसाच परत गेला. मी दाणा न् दाणा वेचून घेतला.

ती पायलीभर ज्वारी मी घरी डब्यात कडुनिंबाचा पाला घालून जपून ठेवली. नवऱ्याने एकदा तो डबा दळणाला काढला, तर त्याचीच चांगली हजेरी घेतली. मला वाटायचं, लागेल. तांड्यावर पुन्हा पाळणा हलेल, आणि बाई सूप घेऊन येईल.

यंदा ती नाव नोंदवायला आली. चौथा महिना. पोर बरोबर होती; दारातून सुटली ती सगळ्या आवाराला फेरी मारून, खाली न बसता, घसरगुंडीवर जाऊन चढली. मी आईचं वजन घेतलं, गोळ्या दिल्या, बाळंतपणाच्या योजनेचा अर्ज भरायला घेतला. मग म्हटलं, "ज्वारी तयार ठेवलीय हं मी."

तिने पिशवीतून कार्ड काढून माझ्यासमोर उघडं ठेवलं. दोन रेघा, त्याखाली पोरीचं नाव, आणि त्याखाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवर तिने बोट ठेवलं.

"ताई, पोटातल्याचं नाव आताच लिवता येतं का हो?"

"अगं, आधी जन्माला तर येऊ दे!"

"मंग त्या बाबूला सांगून ठिवा," ती म्हणाली, "येवढी जागा दुसऱ्या कोणाला देऊ नगा म्हणावं."

त्या संध्याकाळी मी डब्यातली ज्वारी दळायला दिली.