दारात येणारी जादूगारीण

तेरखेड्यात आमची दिवाळी उन्हाळ्यातच सुरू व्हायची. फटाक्यांच्या कागदी नळ्या वळायचं काम घरी यायचं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आणि मी ओसरीवर बसून ते करायचो. खळीनं बोटं चिकट व्हायची. एकीनं वाचायचं, दुसरीनं वळायचं, असं आमचं ठरलेलं. वाचायची बहुतेक आक्काच, कारण मी अधलीमधली पानं गाळून पुढं पळायचे.

पुस्तकं शाळेतल्या मराठीच्या बाई द्यायच्या. जादूच्या राज्याची लांबलचक मालिका होती ती. त्यात एक म्हातारी जादूगारीण गावोगाव फिरायची. कुठली तरी मीठ वेचणारी, शेरडं राखणारी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली पोर हेरायची आणि विद्या शिकवायला डोंगरापलीकडं घेऊन जायची. मला त्यातले उडणारे कोल्हे आवडायचे. आक्काला कोल्ह्यांचं काहीच नव्हतं. म्हातारी दारात येऊन उभी राहते, तेवढंच पान ती पुन्हा पुन्हा वाचायची.

"बघ की," म्हणायची, "तिला घरचं कुणीच न्हाय म्हणत न्हाय. बाप सुदीक उठून उभा राहतोय."

दहावीला आक्का शाळेत पहिली आली. वडील म्हणाले, आता बास. कॉलेज तालुक्याच्या गावी, वाशीला, रोज यष्टीचा प्रवास, आणि आमच्या घरातली पोरगी तोवर कधी एकटी यष्टीत बसलेली नव्हती.

मग एका सकाळी बाईच आमच्या दारात आल्या. आक्कानं नळ्यांची पाटी बाजूला सारली, हात ओढणीला पुसले आणि माझ्याकडं पाहिलं. तिचा असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

वडील उठून उभे राहिले. त्यांनी खुर्ची पुढं केली. बाई बराच वेळ बोलल्या. एवढी हुशार पोर घरात बसवू नका म्हणाल्या, लागेल ती पुस्तकं मी देते म्हणाल्या. वडिलांनी सगळं मान खाली घालून ऐकलं.

"बाई, तुमचं समदं खरं हाय," ते म्हणाले. "पर उद्या काय कमीजास्त झालं, तर लोक तुमाला न्हाय, मला इचारतेल."

आक्कानंच चहा आणला. बाईंनी तो घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं. सासर अणदूर.

मला मात्र कॉलेजला धाडलं. मी काही आक्काहून हुशार नव्हते. मधल्या काळात गल्लीतल्या दुसऱ्या पोरी यष्टीनं जायला लागल्या होत्या, एवढंच.

आता मी धाराशिवला नोकरी करते. यंदा आक्काच्या लेकीसाठी त्या मालिकेचे सगळे भाग विकत घेतले आणि अणदूरला गेले. भाची शाळेत होती. आक्कानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी माझ्याकडं सरकवली.

"तिला नको देऊ हे."

"का गं? आपल्याला किती आवडायचं!"

"आवडायचं, व्हय. म्हणूनच नको. माझ्या मनात पक्कं बसलं व्हतं, कुणीतरी येतंय न्यायला. आलं बी. च्या पिऊन गेलं." ती उठली आणि तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. "तिला गणिताचं काय असंल तर आण."

मी पिशवी घेऊन परतले. वाटेत मला राग येत होता आणि तो आक्काचा नव्हता.

दिवाळीला आम्ही दोघी माहेरी होतो. वाशीहून पाहुणे आलेले. वडील त्यांना मोठ्या अभिमानानं सांगत होते, "आमी पोरींना शिकवलं. लोक काय म्हणतेत ते बघितलं न्हाय." आक्का पाहुण्यांना फराळाच्या ताटल्या देत होती. तिनं वडिलांपुढंही एक ठेवली आणि विचारलं, "चिवडा अजून वाढू का?"

"वाढ," वडील म्हणाले.